तबकडीत उरलेले गाणे

हिंदुस्थानी रागसंगीतातील ज्या गायक-गायिकांची नावे आज आदराने घेतली जातात, त्यांपैकी अनेकांना प्रत्यक्ष ऐकलेला श्रोता आता उरलेला नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अब्दुल करीम खाँ १९३७ साली, अल्लादिया खाँ १९४६ साली. तरीही दर पिढीत काही माणसे त्या काळाच्या गाण्यापर्यंत नव्याने पोचतात. कुणाला घरातल्या जुन्या ट्रंकेत तबकड्या सापडतात, कुणी चित्रपट पाहून मूळ गायकाचा शोध घेऊ लागते, कुणाच्या मोबाइलवर एक गाणे संपले की आपोआप दुसरे सुरू होते आणि शंभर वर्षांपूर्वीचा आवाज अचानक कानांवर पडतो. ही ओळख खरी असते, पण अपुरी असते. हाती येते ते त्या कलावंताचे सगळे गाणे नसते. यंत्राला जेवढे पेलले आणि कलावंताने यंत्रापुढे जेवढे गायचे ठरवले, त्यातले वाचले तेवढेच असते. जुने गाणे उशिरा ऐकणाऱ्याला म्हणून स्वरांइतकीच त्या ध्वनिमुद्रणाची हकीकतही ठाऊक असावी लागते.

ही हकीकत १९०२ सालापासून सुरू होते. त्या वर्षी ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने तिथल्या गायिकांची गाणी मेणाच्या चकत्यांवर घेतली. त्यांत गौहर जान होत्या. आझमगडला १८७३ साली जन्मलेल्या आणि कलकत्त्यात नावारूपाला आलेल्या या गायिकेने पुढे अनेक भाषांत शेकडो गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या काळी तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात. गाणारी व्यक्ती कोण हे तिथल्या कामगारांना कळावे म्हणून गाणे संपताच गायिकेने आपले नाव इंग्रजीतून उच्चारायचे अशी पद्धत पडली. गौहर जान यांची ती घोषणा आजही त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी ऐकू येते. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदह येथे कारखाना निघाला आणि तबकड्या परदेशी छापून आणण्याची गरज संपली. तबकडीचा मुख्य कच्चा माल म्हणजे लाख. ती तर आधीपासून हिंदुस्थानातूनच जगभर जात होती.

ध्वनिमुद्रणाची पहिली वीस-पंचवीस वर्षे विजेविना गेली. गायकाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसायचे आणि थेट त्यात गायचे. आवाजाच्या दाबाने पडदा हले, पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरत जाई. कर्ण्याला नाजूक काम पकडता येत नसे. खर्जातले स्वर पुसट होत, तंबोऱ्याचा झंकार जवळजवळ नाहीसा होई, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा उमटत नसे. टोकदार, खुला, वरच्या पट्टीतला आवाज मात्र नीट येई. त्या तबकड्या ऐकताना सगळे जण ओरडून गात होते असा समज होतो, त्यामागे हे कारण आहे. कर्ण्यापर्यंत पोचण्यासाठी जोर लावावाच लागे. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि हलक्या गळ्याचे, कुजबुजीइतके मृदू स्वरही तबकडीवर येऊ लागले. एकाच गायकाची १९१० ची आणि १९३५ ची तबकडी शेजारी ठेवून ऐकली तर आवाजातला निम्मा फरक यंत्राचा असतो, हे विसरता कामा नये.

दुसरी अडचण वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चारच्या आसपास. बैठकीत एक ख्याल तासभर चाले. विलंबित लयीत एकेक स्वर घेऊन रागाची बढत करायची, मग बोल-आलाप, बोलताना, ताना, शेवटी द्रुत चीज, हा सारा पसारा तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय टाकायचे हे आधी ठरवावे लागे. बहुतेकांनी बढत टाकली. मध्य लयीत चीज उचलायची, अस्थाई-अंतरा स्पष्ट म्हणायचा, चार-सहा आलापांचे तुकडे आणि मग तानांची बरसात, असा एक साचा तयार झाला. यात काहींचे नुकसान झाले हे खरे. पण तीन मिनिटांत राग उभा करणे ही स्वतंत्र कलाही घडली. चीज कशी मांडावी, समेवर कसे यावे, रागाचे मर्म नेमके कोणत्या स्वरसंगतीत आहे, हे शिकायला या छोट्या तबकड्यांइतके उत्तम साधन नाही. कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गायकांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि श्रोते थक्क होत. पुढे त्यांनी स्वतःची वाट शोधली, पण कानांवर झालेले ते पहिले संस्कार तबकड्यांचे होते.

सुरुवातीच्या तबकड्यांत स्त्रियांचे आवाज जास्त आढळतात. कलकत्त्याच्या गौहर जान, अलाहाबादच्या जानकीबाई, आग्ऱ्याच्या जोहराबाई या साऱ्या पेशेवर गायिका होत्या. घराण्याचे उस्ताद आपली विद्या यंत्राच्या हवाली करायला कचरत होते. चीज चोरीला जाईल, बाजारात कुणाच्याही हाती पडेल, अशी धास्ती त्यांना वाटे. पेशेवर गायिकांना या नव्या माध्यमात कमाई दिसली, प्रसिद्धी दिसली आणि त्यांनी ते धीटपणे आपलेसे केले. पुढे प्रतिष्ठित समाजाने या बायकांना संगीताच्या इतिहासात तळटीपेइतकीच जागा दिली. पण त्यांचा आवाज शिल्लक राहिला आणि ज्यांनी त्यांना बाजूला सारले त्यांपैकी कित्येकांचा राहिला नाही. जोहराबाईंच्या तबकड्या आज ऐकल्या तर त्यांच्या तानेचा दमदारपणा आणि बोलांची पक्की बांधणी कुठल्याही उस्तादाच्या तोडीची आहे हे कानांनाच पटते. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ त्यांना फार मानत. जोहराबाई १९१३ च्या सुमारास गेल्या, म्हणजे त्यांचे सारे ध्वनिमुद्रण कर्ण्याच्या काळातले आहे. तरीही तो आवाज यंत्राची मर्यादा भेदून येतो.

ज्यांनी ध्वनिमुद्रण केलेच नाही त्यांचे काय? जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ नव्वदीपर्यंत जगले, कोल्हापूरच्या दरबारात आणि पुढे मुंबईत राहिले, त्यांच्या हयातीत तबकड्यांचा धंदा भरभराटीला आला. पण त्यांचा आवाज कुठेही नाही. भास्करबुवा बखले यांचाही नाही. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले, पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे, ‘संगीत स्वयंवर’ नाटकाच्या चाली देणारे भास्करबुवा आज फक्त आठवणींतून आणि शिष्यांच्या गाण्यातून कळतात. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. अशा गायकांविषयी वाचताना अतिशयोक्ती किती आणि खरे किती हे ठरवायला कानांचा पुरावा उरत नाही. शिष्यांच्या गायकीत समान काय आहे ते शोधून गुरूचा अंदाज बांधायचा, एवढाच मार्ग राहतो.

याच्या उलट काहींचे ध्वनिमुद्रण झाले, पण फार उशिरा. ग्वाल्हेरचे हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे त्यातले ठळक नाव. सर्कशीचे आद्य मराठी चालक विष्णुपंत छत्रे स्वतः हद्दू खाँचे शिष्य होते. मनस्वी आणि भटक्या वृत्तीच्या रहिमत खाँना त्यांनी आणि त्यांच्यानंतर छत्रे कुटुंबाने सांभाळले. खाँसाहेबांचा अखेरचा काळ कुरुंदवाडला गेला आणि तिथेच १९२२ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या तबकड्या निघाल्या त्या आयुष्याच्या शेवटाला. आवाज थकलेला, श्वास तोकडा, यंत्र जुन्या धर्तीचे. पण स्वराचा लगाव असा आहे की ज्या अब्दुल करीम खाँच्या गाण्यावर रहिमत खाँचा प्रभाव होता असे जुने जाणकार सांगत, त्या सांगण्यातले तथ्य या काही मिनिटांत उमगते. उमेदीतले रहिमत खाँ कसे गात असतील याची कल्पना करायला एवढाच आधार आहे आणि तो मोलाचा आहे.

अब्दुल करीम खाँ यांच्या बाबतीत दैव अधिक उदार ठरले. उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ साली जन्मलेले हे गायक बडोद्याहून महाराष्ट्रात आले आणि मिरजेला स्थिरावले. त्यांनी दोन काळांत ध्वनिमुद्रण केले: एकदा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कर्ण्यासमोर, आणि पुन्हा १९३० नंतरच्या दशकात, ओडियन कंपनीसाठी, मायक्रोफोनसमोर. पहिल्या खेपेचा आवाज तडफदार, चपळ, बराचसा त्या काळच्या रिवाजातला आहे. दुसऱ्या खेपेत ऐकू येते ते वेगळेच. बारीक, सरळ, तारेसारखा ताणलेला आवाज. स्वरावर निवांत थांबणे. शब्दापेक्षा सुराकडे ओढ. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसंशोधनात खाँसाहेबांनी गळ्याने भाग घेतला होता. सुराच्या सूक्ष्म जागांविषयीची ती आस्था विजेच्या ध्वनिमुद्रणात प्रथमच लोकांपुढे नीट आली. मायक्रोफोन दहा वर्षे उशिरा आला असता तर हे गाणे आज ऐकायलाच मिळाले नसते.

खाँसाहेबांच्या तबकड्यांचा परिणाम दूरवर होत राहिला. गदगच्या एका दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लागले आणि गुरूच्या शोधात ते घर सोडून निघाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अखेर ते कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकले. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँचेच शिष्य. म्हणजे तबकडीने जी ओढ लावली ती पुरी झाली गुरुमुखातून. पण याच तबकड्यांनी एक गैरसमजही रूढ केला. खाँसाहेबांच्या सर्वाधिक गाजलेल्या तबकड्यांत ठुमरी, भजन, नाट्यपद यांचा भरणा आहे. त्यामुळे त्यांना ‘भावमधुर हलके गाणारे’ समजणारे पुष्कळ आहेत. बैठकीत त्यांचा भर विलंबित ख्यालाच्या शांत आलापीवर होता आणि किराणा घराण्याची नंतरची सारी इमारत त्यावरच उभी राहिली. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर, सवाई गंधर्व आणि पुढे भीमसेन यांची दीर्घ ध्वनिमुद्रणे ऐकून मग खाँसाहेबांच्या तीन मिनिटांकडे परत यावे. तेव्हा त्या तीन मिनिटांत किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत ते दिसते.

केसरबाई केरकरांची गोष्ट याहून वेगळी. गोव्यातील केरी गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी कोल्हापुरात त्यांना अब्दुल करीम खाँची काही महिने तालीम मिळाली, मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९२० नंतर अल्लादिया खाँच्या गंडाबंध शिष्या झाल्या. ज्या दोन गुरूंचा आवाज मागे राहिला नाही ते दोन्ही या यादीत आहेत. अल्लादिया खाँच्या गायकीतील वक्र तान, अनवट राग, लयीच्या प्रत्येक मात्रेशी बांधलेला स्वर हे सर्व केसरबाईंच्या गळ्यातून ऐकता येते, म्हणून त्यांच्या ध्वनिमुद्रणांना दुहेरी मोल आहे. पुढे त्यांच्या नावामागे ‘सूरश्री’ ही पदवी लागली. १९६९ साली पद्मभूषण मिळाले. मात्र केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत अत्यंत काटेकोर होत्या. रेडिओवर गायला त्या तयार नव्हत्या, तबकड्या मोजक्याच दिल्या आणि गाणे अजून भरात असताना साठच्या दशकात जाहीर मैफली थांबवल्या. गाणे समजणाऱ्यांसमोर, आपल्या अटींवर गायचे, हा त्यांचा बाणा होता. त्या बाण्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली असे म्हणता येईल. पण तो त्यांचा हक्क होता हेही तितकेच खरे.

आणि नेमके त्यांचेच एक गाणे आंतरतारकीय अवकाशात पोचले. अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ या दोन यानांवर पृथ्वीची ओळख सांगणारी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी ठेवायचे ठरले, तेव्हा कार्ल सेगन यांच्या समितीने जगभरातून संगीताचे २७ नमुने निवडले. अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांच्या आग्रहाने त्यांत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवीतील रचना घेतली गेली. भारतीय संगीताचा तो एकमेव नमुना. ती तबकडी मिळेनाशी झाली होती. बरीच शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात मागच्या बाजूला तिच्या प्रती सापडल्या. ‘व्हॉयेजर २’ २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि ‘व्हॉयेजर १’ ५ सप्टेंबरला झेपावले. १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. त्यानंतर जगभर अनेकांनी त्यांचे नाव प्रथम ऐकले ते या यानाच्या निमित्ताने. साडेतीन मिनिटांच्या त्या भैरवीवर थांबणारे पुष्कळ असतात. त्यांनी पुढची पायरी म्हणून केसरबाईंचे ख्याल ऐकले पाहिजेत. तिथे त्या खऱ्या भेटतात.

तबकडीखेरीज दुसरा मोठा ठेवा रेडिओचा आणि खासगी टेपचा. किराणा घराण्याचेच अब्दुल वहीद खाँ यांनी कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रण केले नाही. १९४९ साली ते गेले. रेडिओवरील त्यांच्या गायनातील मोजके अंश तेवढे टिकले. त्यांत मुलतानी, पटदीप, दरबारी हे राग आहेत. स्वराला स्वर जोडत जाणारी ती अतिविलंबित बढत ऐकली की ख्यालगायक अमीर खाँ यांच्या गायकीचे मूळ कुठे आहे हे दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही. द. वि. पलुस्कर १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचे तीन-तीन मिनिटांचे गाणे घरोघर पोचले होते, पण ग्वाल्हेर गायकीचा त्यांचा सविस्तर विचार कळतो तो आकाशवाणीच्या थोड्याफार दीर्घ ध्वनिमुद्रणांतून.

पन्नासच्या दशकापासून स्पूल टेपची यंत्रे हौशी श्रोत्यांकडे आली आणि बैठका घरच्या घरी टिपल्या जाऊ लागल्या. या टेपांत गायक मोकळा असतो. घड्याळ समोर नसते, श्रोत्यांची दाद मध्येच येते, एखादी जागा जमली की तो ती पुन्हा घेतो, चुकले तर सावरतो. कलावंत काय होता हे या टेपा सर्वांत खरेपणाने सांगतात. त्यांचे दोषही आहेत: मायक्रोफोन तबल्याजवळ असतो, टेप मध्येच संपते, रागाचे नाव कुणी तरी अंदाजाने लिहिलेले असते आणि प्रतीची प्रत काढता काढता आवाज विरत जातो. शिवाय संमतीचा प्रश्न येतो. सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन सोडून मुंबईत एकांतात शिष्य घडवले. त्यांच्या वादनाची जी काही ध्वनिमुद्रणे फिरतात, ती त्यांनी प्रसिद्धीसाठी दिलेली नव्हती. २०१८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांना नव्याने शोधणाऱ्यांची संख्या वाढली. ती ध्वनिमुद्रणे ऐकावीत की नाही हे ज्याने-त्याने ठरवावे; निदान ती कशी हाती आली याची जाणीव ठेवून ऐकावीत.

उशिरा शोध लागण्याचे भाग्य काहींना जिवंतपणीच लाभले. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकड्या १९३० नंतरच्या दशकात निघाल्या होत्या. अल्लादिया खाँचे पुत्र मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांची तालीम त्यांना मिळाली. पण देशभर त्यांचे नाव झाले ते साठीकडे झुकताना आणि सत्तरी ओलांडल्यावरचे त्यांचे गाणे सर्वाधिक ऐकले गेले. तरुण मन्सूर कसे गात हे जाणून घ्यायला पुन्हा त्या जुन्या तबकड्यांकडेच जावे लागते. वसंतराव देशपांडे यांची बरीच वर्षे लष्करी हिशेब खात्याच्या नोकरीत गेली. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ने त्यांना मोठा श्रोतृवर्ग दिला. २०१५ चा त्याच नावाचा चित्रपट आणि २०२२ चा ‘मी वसंतराव’ यांनी ही ओळख आणखी एका पिढीपर्यंत नेली.

चित्रपटाच्या दाराने आत येण्यात काही गैर नाही, मात्र दारातच थांबू नये. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांनी पदे उत्तम गायली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण ते आजच्या ध्वनिमुद्रणाच्या सोयींसह केलेले पुनर्निर्माण आहे. त्यानंतर मूळ बालगंधर्व ऐकले की नव्या श्रोत्याला क्वचित धक्का बसतो: आवाज लहान, वाद्ये पुसट, खरखर दाट. धीर धरून पुन्हा ऐकले तर लयीशी चाललेला खेळ, शब्द सोडून देण्याची ती अलगद ढब, आणि पुढच्या आवर्तनात तेच वाक्य किंचित वेगळ्या वळणाने आणण्याची हौस कानांत भरू लागते. इथे एक सावधगिरी हवी. बालगंधर्वांच्या उतारवयातील भजने सहज मिळतात आणि तीच ऐकून काही जण मत बनवतात. ज्या आवाजावर महाराष्ट्र लुब्ध होता तो आधीच्या तबकड्यांत आहे. ध्वनिमुद्रणाचे साल पाहिल्याशिवाय कुणाही कलावंताविषयी निर्णय देऊ नये.

साल कळते कसे? ते काम संग्राहकांनी केले. तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात एक बारीक क्रमांक कोरलेला असतो. तो छापाच्या मूळ साच्याचा क्रमांक. कंपन्यांच्या वह्यांशी आणि विक्रीच्या याद्यांशी तो ताडून पाहिला की गाणे केव्हा आणि कुठे घेतले ते ठरते. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी आयुष्याचा मोठा भाग याच कामाला दिला. १९०८ पर्यंतच्या भारतीय तबकड्यांची त्यांची सूची मुंबईतूनच प्रसिद्ध झाली. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने तिने ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले, तबकड्या ऐकवण्याचे कार्यक्रम केले, आणि ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने ‘यंग इंडिया’ व ‘ओडियन’ या लेबलांच्या तबकड्यांचे संगणकीय रूपांतर केले. चोर बाजारात रद्दीच्या भावाने पडलेल्या तबकड्या उचलून, धुऊन, ऐकून, नोंदवून ठेवणाऱ्या या हौशी माणसांचे ऋण मोठे आहे. आज इंटरनेटवर विनासायास जे ऐकायला मिळते, त्यातले किती तरी त्यांच्या कपाटांतून आले आहे.

रूपांतर करताना वेगाची चूक फार होते. मिनिटाला ७८ फेरे हा ठरलेला वेग सुरुवातीच्या काळात काटेकोर पाळला जात नसे. ७४ फेऱ्यांवर घेतलेली तबकडी ७८ वर वाजवली की सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो, पांढरी एकमधले गाणे काळी एकमध्ये जाते, आवाज बालिश वाटू लागतो आणि ताना अमानवी वेगाच्या भासतात. जुन्या गायकांच्या विलक्षण वेगाविषयीच्या काही दंतकथा अशा चुकांतून जन्मल्या असण्याची शक्यता आहे. खरखर काढण्याच्या अतिउत्साहाचाही तोटा होतो. संगणकाने खरखर पुसताना स्वराची कड, तंबोऱ्याची उरलीसुरली जवारी, ‘स’ आणि ‘श’चे उच्चार पुसले जातात. थोड्या खरखरीसह ऐकणे बरे. दोन-चार तबकड्यांनंतर कान ती आपोआप बाजूला सारतात.

नव्या श्रोत्याने ऐकण्याचा क्रम काळाच्या उलट ठेवला तर वाट सोपी होते. ओळखीच्या, स्वच्छ ध्वनिमुद्रण असलेल्या गायकापासून सुरुवात करावी आणि एकच राग घेऊन गुरूकडे, गुरूच्या गुरूकडे मागे जावे. किशोरी आमोणकरांपासून मोगूबाई कुर्डीकर आणि मग मोगूबाईंच्या गुरुभगिनी केसरबाई. किंवा भीमसेन, सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँ. राग एकच राहिला की बदल कशाचा आहे, घराण्याचा, व्यक्तीचा की यंत्राचा, हे हळूहळू वेगळे करता येते.

कायद्याचीही या शोधाला मदत होते. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. त्यानंतर ते सर्वांसाठी खुले होते. लाखेच्या तबकड्यांचा जवळपास सगळा साठा त्यामुळे मुक्त झाला आहे. अडचण उरते ती प्रत मिळण्याची. जुन्या सूचींत क्रमांक आहे, कलावंताचे नाव आहे, रागही नोंदला आहे, पण तबकडी अद्याप कुणाच्याच हाती लागलेली नाही, अशा नोंदी थोड्याथोडक्या नाहीत. वाड्यांच्या माळ्यांवर आणि ट्रंकांच्या तळाशी त्यांतल्या काही असू शकतात. अशा तबकड्या सापडल्यास एकावर एक रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात, कारण लाखेची तबकडी वजनाने तडकते. पुसताना स्पिरिट मुळीच वापरू नये. त्यात लाख विरघळते आणि गाणे कायमचे जाते. जुन्या बाज्यावर बोथट सुईने वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. लेबलाचे आणि मधल्या कोऱ्या भागातील क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र घेऊन एखाद्या जाणकार संग्राहकाला दाखवावे.